महासाथीच्या दिवसांत जे ठरवले, त्यातले तुमच्याकडे आज काय उरले आहे?

कर्वेनगरकर

सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या साफसफाईसाठी माळ्यावरचा एक खोका खाली काढला, तेव्हा त्यात २०२१च्या एप्रिलमधले पाठकोऱ्या कागदांचे एक बाड सापडले. एका बाजूला वडिलांच्या प्राणवायूच्या नोंदी आहेत : सकाळी ६ वाजता ९५, १० वाजता ९४, दुपारी २ वाजता ९४, आणि सहा मिनिटे चालून आल्यावर ९०. या शेवटच्या आकड्याभोवती मी बॉलपेनने इतक्या वेळा गोल काढला आहे, की तिथे कागद फाटला आहे. बाबांचा लसीचा पहिला डोस मार्चमध्ये झाला होता आणि दुसऱ्याची तारीख यायची होती. खाट मिळवण्यासाठी आम्ही दीड दिवस फोन फिरवत होतो. ती मिळाली, आणि नवव्या दिवशी बाबा गेले.

त्याच कागदांच्या मागच्या बाजूला, बाबा गेल्यानंतर घरातच विलगीकरणात असताना, मी सात गोष्टी लिहून ठेवल्या होत्या. मथळा म्हणून वर ‘यापुढे’ एवढा एकच शब्द आहे. संध्याकाळी सातनंतर कार्यालयाचे काम करायचे नाही. आईशी रोज अर्धा तास, हातात मोबाइल न घेता, बोलायचे. रोज टेकडीवर जायचे. घराचे कर्ज पन्नाशीच्या आत फेडायचे. सगळी कागदपत्रे एका जागी लावून मृत्युपत्र करायचे. बारावीत सोडलेला तबला पुन्हा सुरू करायचा. आणि भोरच्या जमिनीवरून दादाशी धरलेला अबोला सोडायचा.

आज साडेचार वर्षांनी हिशेब मांडला, तर तो लाजिरवाणा आहे. सातचा नियम २०२२च्या पावसाळ्यापर्यंत टिकला आणि मग अमेरिकेतल्या लोकांच्या सोयीने होणाऱ्या बैठकांत वाहून गेला. आईशी बोलणे होते, पण ते जेवताना, दूरदर्शन संचावर बातम्या चालू असताना. कर्ज आहे तसेच आहे. त्यात मोटारीच्या कर्जाची भर पडली. तबला विकत घेतला, हल्ली डग्ग्यावर इस्त्रीचे कपडे ठेवले जातात. दादा बाबांच्या वर्षश्राद्धाला आला, ‘येतो’ म्हणाला आणि गेला. मृत्युपत्राचे तर नावच नको. टेकडी तेवढी टिकली, आणि तिचेही श्रेय माझ्याकडे नाही. खालच्या मजल्यावरचे एक निवृत्त काका पहाटे पावणेसहाला फाटकाशी उभे राहून खाकरतात. ते खाकरणे दुसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू येते आणि मग खाली न उतरणे मला अवघड होऊन बसते.

हे सगळे आताच का आठवावे, त्याला कारण आहे. येत्या महिन्यापासून कंपनीने आठवड्याचे पाचही दिवस हिंजवडीला बोलावले आहे. जायला सव्वा तास आणि यायला पावणेदोन तास लागतात, तेही वाकडच्या पुलाखाली काही अघटित घडले नाही तर. त्याच आठवड्यात मला बढतीही देऊ केली आहे आणि होकार महिनाअखेरपर्यंत कळवायचा आहे. माझे वय ४६ आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. माझ्या यादीची आणीबाणी त्याच्या बरीच आधी संपलेली होती, असे आता दिसते. म्हणून इथल्या अनुभवी मंडळींना विचारतो : त्या भीतीतून झालेले निर्णय भीती ओसरल्यावरही आपल्यावर बंधनकारक मानावेत का, की तापातले बरळणे म्हणून सोडून द्यावेत? आणि ज्यांच्याकडे त्यातले काही टिकले असेल, ते कशामुळे टिकले?

---

निवृत्त शाखाधिकारी

आपल्या वडिलांविषयी वाचून वाईट वाटले. मी ३४ वर्षे एका राष्ट्रीयीकृत बँकेत नोकरी केली. २०२१च्या उन्हाळ्यात मी पेठेतल्या एका शाखेची प्रमुख होते, त्यामुळे आपल्या यादीतल्या पाचव्या गोष्टीविषयी मला अधिकाराने बोलता येईल. बाकीच्या गोष्टींविषयी मी जपून बोलेन.

त्या मे महिन्यात पस्तिशीच्या आसपासच्या एक बाई माझ्यासमोर येऊन बसल्या. रुग्णालयाने पतीचा मोबाइल ज्या प्लास्टिकच्या पिशवीत परत दिला होता, त्याच पिशवीत तो अजून होता आणि त्याला जंतुनाशकाचा वास येत होता. त्यावर संदेश येत होते, पडदा उजळत होता आणि विझत होता, पण तो उघडण्याचा आकडा त्यांना ठाऊक नव्हता. ‘ह्यांची खाती कुठे कुठे आहेत, ते तुमच्याकडून कळेल का?’ असे त्यांनी विचारले. आमच्या बँकेतले एक खाते मी दाखवू शकले. त्यावर वारसनोंदीसाठी नाव होते ते पतीच्या आईचे, लग्नाआधी घातलेले, आणि त्या सासूबाई सहा वर्षांपूर्वी वारल्या होत्या. ते नाव बदलायला तीन मिनिटांचे काम लागते. त्याअभावी त्या बाईंना पुढचे कित्येक महिने दाखले आणि प्रतिज्ञापत्रे गोळा करत फिरावे लागले. निवृत्त झाल्यावरही मला तो उजळणारा पडदा आठवतो.

तेव्हा काही गोष्टी सरळ सांगते. खात्यावर किंवा गुंतवणुकीवर ज्याचे नाव नामनिर्देशित आहे तो मालक होत नाही. तो पैसे ताब्यात घेतो ते वारसांच्या वतीने. समभागांच्या बाबतीतही हेच लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून नामनिर्देशन केले की मृत्युपत्राची गरज नाही, हा समज काढून टाका. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, साध्या कागदावर स्वतःच्या हाताने लिहिलेलेही चालते. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र लागतात. नोंदणी सक्तीची नाही, पण जिथे जमिनीचा वाद आहे तिथे ती करून घ्यावी असे मी सुचवेन. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका, आणि साक्षीदार आपल्याहून वयाने लहान असावेत. मी स्वतः माझ्या मृत्युपत्रावर आमच्या शाखेतल्या दोन थोरल्या सहकाऱ्यांच्या सह्या घेतल्या होत्या आणि आता ते काम पुन्हा करावे लागले आहे, यावरून काय ते समजा.

दहा वर्षे कोणी हात न लावलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे वर्ग होतात. त्या शोधण्यासाठी २०२३ पासून ‘उद्गम’ नावाचे संकेतस्थळ आहे आणि ते उपयोगी आहे, पण आपल्या मुलांवर तिथे जाऊन बापाचे नाव शोधण्याची वेळ का यावी?

शेवटी भोरच्या जमिनीविषयी. आपण लिहिलेले नाही, पण माझा तर्क असा आहे की वडिलांच्या पश्चात सातबाऱ्यावर वारसांची नोंद झालेली नसावी. वारसाहक्काने जमीन आली की तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचे असते. त्या अर्जात सगळ्या वारसांची नावे द्यावी लागतात आणि पुढे नोटीस आपल्या दादांनाही जाते. ती नोटीस त्यांच्या हाती पडण्याआधी आपला फोन गेलेला असावा. म्हणजे आपल्या यादीतली पाचवी आणि सातवी गोष्ट वेगळी नाहीच, ते एकच काम आहे. बाकीच्या पाच गोष्टी जन्मभर चालायच्या. ही एक मात्र दोन-तीन रविवारांत हातावेगळी होते. तिला तबल्याच्या रांगेत उभी करू नका.

---

खानावळवाली, नवी पेठ

कर्वेनगरकर दादा, तुमचे दुःख मोठे आहे आणि त्याला मी नमस्कार करते. पण ‘आयुष्याचे अग्रक्रम’ वगैरे शब्द मी या विषयावर जिथे तिथे वाचते, तेव्हा मला जरा हसू येते आणि जरा रागही येतो. ज्यांच्या खात्यावर महिन्याच्या महिन्याला पगार जमा होत राहिला, त्यांना खिडकीत बसून आयुष्याचा विचार करायला सवड मिळाली. आम्हाला तेव्हा एकच अग्रक्रम होता, तो म्हणजे गाळ्याचे भाडे.

माझ्याकडे जेवायला येणारी बहुतेक मुले स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी. मार्च २०२० च्या सुरुवातीला ६५ ताटे होत होती. टाळेबंदी लागली त्या आठवड्यात ११ उरली, आणि ती अकरा मुले गावी जाता न आल्यामुळे खोलीत अडकलेली होती. त्यांना मी उधारीवर जेवू घातले, हे मोठेपणासाठी सांगत नाही. डाळ-तांदूळ भरलेला होता आणि तो पोरकिड्यांना घालण्यापेक्षा पोरांना घातला. पुढच्या वर्षी ती मुले परत आली, आणि ११ मार्च २०२१ ला परीक्षा तीन दिवसांवर आली असताना ती पुढे ढकलल्याचे जाहीर झाले. शास्त्री रस्त्यावर मुले उतरली, तो गलका माझ्या गाळ्यापर्यंत ऐकू येत होता. त्या दिवशी रात्री माझ्याकडे जेवायला बसलेल्या एका मुलाने भात कालवला आणि तसाच ठेवून तो उठला. त्याचे वय त्या वर्षी संपत होते. परीक्षा दहाच दिवसांनी, २१ मार्चला झाली, पण त्या दहा दिवसांची खोलीची आणि ताटाची भर कोणाच्या हिशेबात आली? अशा मुलाला तुम्ही अग्रक्रम विचारा.

हे झाले भांडण. आता तुमच्या प्रश्नाचे उत्तर देते, कारण माझ्याकडेही एक गोष्ट बदलली आणि ती टिकली.

माझ्याकडे पोळ्या लाटायला एक मावशी होत्या, नऊ वर्षे. टाळेबंदीत मी त्यांना दीड महिन्याचे पैसे दिले आणि मग हात वर केले. त्या लातूरकडच्या आपल्या गावी गेल्या. डिसेंबरमध्ये खानावळ पुन्हा नीट सुरू झाली तेव्हा मी त्यांना बोलावणे पाठवायला निघाले, तर माझ्याकडे जो भ्रमणध्वनी क्रमांक होता तो बंद. गावाचे नाव मला माहीत नव्हते. नऊ वर्षे ती बाई रोज माझ्या शेजारी बसून दोनशे पोळ्या लाटत होती आणि मी तिला एकदाही गाव विचारले नव्हते, ‘लातूरकडच्या’ एवढेच. त्यांचे यजमान त्या ऑगस्टमध्येच गेले, हे मला दुसऱ्या वर्षी, तेही तिसऱ्याच माणसाकडून कळले. त्या परत आल्या नाहीत.

तेव्हापासून एक नोंदवही केली आहे. त्यात माझ्याकडच्या चौघींचे गाव, तालुका, घरच्या एका माणसाचा क्रमांक, बँकेचे खाते आणि मुलांची नावे आहेत. महिन्याला चार दिवस भरपगारी सुटी आहे. रविवारी संध्याकाळी पुण्यातल्या बहुतेक खानावळी बंद असतात. मी पूर्वी मुद्दाम चालू ठेवायचे, कारण त्या वेळी गिऱ्हाईक दुप्पट मिळते. आता मीही बंद ठेवते. मला अधूनमधून मोह होतो, पण त्या चौघींनी रविवारची संध्याकाळ आपापल्या घरी लावून टाकली आहे आणि आता मी मागितली तरी त्या देणार नाहीत. माझा निश्चय टिकला तो असा, दुसऱ्यांच्या ताब्यात गेल्यामुळे.

तुम्ही स्वतःच लिहिले आहे की टेकडी टिकली, कारण फाटकाशी काका खाकरतात. मग तबल्यासाठी कोण खाकरते आहे? आईसाठी कोण? सातच्या नियमासाठी तर उलट तिकडे अमेरिकेत बसलेली माणसे खाकरत आहेत, आणि तुम्ही त्यांच्या हाकेला जाता, यात नवल ते काय?

---

वाईहून परत

खानावळवाल्या ताईंचा राग मला मान्य आहे, कारण मी त्याच खिडकीत बसलेल्यांपैकी आहे. डिसेंबर २०२० मध्ये आम्ही बाणेरची सदनिका भाड्याने देऊन वाईजवळच्या एका गावात राहायला गेलो आणि जून २०२३ मध्ये परत आलो. नदी, शेत, हळदीचा वास, सगळे खरे होते. वीज आणि इंटरनेट दोन्ही एकदम गेले की मी दुचाकीवरून वाईपर्यंत येऊन एका उपाहारगृहात बैठकीला बसायचो, हेही खरे होते. मुलीला मैत्रिणी नव्हत्या. बायकोने पहिल्या वर्षानंतर तक्रार करणे सोडून दिले, तेव्हा मला शहाणपण यायला हवे होते.

पैशाच्या दोन चुका सांगतो, कारण त्या आजही अंगावर आहेत. मार्च ते ऑगस्ट २०२० या काळात हप्ते पुढे ढकलण्याची सवलत होती, ती मी गरज नसताना घेतली; व्याज चालूच होते आणि ते मुद्दलात चढले. दुसरे म्हणजे भविष्य निर्वाह निधीतून करोनासाठी तेव्हा मिळणारी आगाऊ रक्कम, म्हणजे शिलकीच्या ७५ टक्के किंवा तीन महिन्यांचे मूळ वेतन व महागाई भत्ता यांपैकी जी कमी ती, मी काढली आणि तिचे गावातल्या भाड्याच्या घराला न्हाणीघर बांधले. घरमालक मला अजून दुवा देतो.

बढतीविषयी एकच हिशेब करा. रोजचे तीन तास म्हणजे आठवड्याचे पंधरा, आणि वर्षाचे कामाचे ४८ आठवडे धरले तर ७२० तास होतात. ते पूर्ण ३० अहोरात्र भरतात. म्हणजे वर्षातला एक अख्खा महिना, झोपेसकट, तुम्ही रस्त्यावर राहणार आहात. वाढीव पगाराला त्या महिन्याने भागून पाहा आणि मग होकार द्या. द्यायचाच असेल तर द्या, पण किंमत ठाऊक असू द्या.

---

मोडीवाचक

प्रश्नाचा एक भाग अनुत्तरित राहिला आहे असे वाटते, तो म्हणजे भीती ओसरल्यावर तिच्यातून झालेल्या निर्णयाचे काय करावे. पुण्याला हा प्रश्न पहिल्यांदा पडलेला नाही.

१८९६च्या अखेरीस प्लेग या शहरात आला. आपल्या आठवणीत त्यातले काय राहिले आहे, ते पाहा : रँडची समिती, गोऱ्या सोजिरांनी घेतलेल्या घरांच्या झडत्या, आणि २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकरांनी झाडलेल्या गोळ्या. हडपसरजवळ प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले स्वतः त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी गेल्या, हेही आता लोक आठवू लागले आहेत. पण शहर सोडून माळावर झोपड्या घालून राहिलेली, साथ उतरली की वाड्यात परतणारी आणि ती पुन्हा आली की पुन्हा निघणारी जी हजारो कुटुंबे होती, त्यांनीही त्या झोपड्यांत बसून काहीतरी ठरवलेच असेल. त्यातले काहीही आपल्यापर्यंत आलेले नाही. मला यात नवल वाटत नाही आणि खंतही वाटत नाही. विसरल्याशिवाय वाड्यात परत जाऊन चूल पेटवता आली नसती.

१९१८च्या इन्फ्लुएंझाचेही तसेच. आपल्याकडे त्याला मानमोडी म्हणत. १९११ ते १९२१ या दशकात हिंदुस्थानची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली, ती मुख्यतः या एका साथीने, आणि तरीही तुम्हाला मराठी घरांत तिच्याविषयी बोललेले क्वचितच ऐकू येईल. आमच्या घरात मात्र एक गोष्ट उरली होती. माझी पणजी दिवेलागणीला तुळशीपुढे दिवा लावून आत येई आणि माजघरात बसलेल्या प्रत्येक मुलाच्या डोक्याला हात लावून मोजे. नातवंडे झाली, पतवंडे झाली, तरी मोजणे चालू राहिले. एखादे पोर बाहेर खेळत असेल तर त्याला हाक मारून आणल्याशिवाय पान मांडले जात नसे. मुलांना वाटे, ही आजीची एक लहर आहे. चार दिवसांच्या अंतराने तिची दोन मुले मानमोडीत गेली होती, हे माझ्या आजीने मला फार उशिरा सांगितले. पणजीने तोंडाने ते कधीच काढले नाही. कारण मागे पडले होते, मोजणे राहिले होते.

आपण कर्वेनगरात राहता, म्हणून आणखी एक आठवण देतो. धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला. शहरात प्लेग आणि सनातन्यांचा विरोध, अशा दिवसांत १९०० साली तो हिंगण्याच्या माळावर गेला. त्या वेळी कर्वे फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत होते, आणि तिथले काम आटोपून आश्रमापर्यंतची वाट ते पायी तुडवत. आपल्या वसाहतीला आज त्यांचे नाव आहे, कारण ते रोज ठरल्या वेळी तिथे पोहोचत होते आणि तिकडे त्यांची वाट पाहणाऱ्या मुली होत्या. त्यांच्या मनात त्या वाटेवर कोणते विचार चालत, हे कोणाला ठाऊक आहे?

तापातला माणूस बरळतो हे खरेच आहे. पण तो पाणी मागतो, तेही खरेच मागत असतो. आपल्या सात ओळींतल्या कोणत्या ओळी बरळण्याच्या आणि कोणत्या पाण्याच्या, एवढे निवडता आले तर पुष्कळ झाले. मला विचाराल तर तबला पहिल्या प्रकारचा वाटतो. क्षमा असावी.

---

कर्वेनगरकर

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला नऊ दिवस लागले, कारण मध्ये काही घडले.

शाखाधिकारी बाईंचा तर्क अचूक होता. वारसनोंद झालेली नव्हती. दिवाळीच्या पाडव्याला मी दादाला फोन केला. चार मिनिटे बोललो, त्यांतली तीन सातबारा आणि आठ-अ हे जमिनीचे उतारे आणि तलाठी कार्यालयाच्या वेळा यांत गेली. मग तो थांबला आणि म्हणाला, “आईचा गुडघा कसा आहे?” बाबांच्या वर्षश्राद्धानंतर आमच्यात झालेले हे कामापलीकडचे पहिले वाक्य होते. येत्या शनिवारी आम्ही दोघे भोरला जात आहोत, त्याच्या गाडीतून.

आईला ही सगळी चर्चा वाचून दाखवली. तिला खानावळवाल्या ताई फार आवडल्या. ती म्हणाली, “माझ्यासाठी कोणी खाकरायला नको, साडेसातला येऊन मेथी निवडायला बस.” गेले पाच दिवस बसतो आहे. मेथी, मग गवार, काल वाटाणे. हात मातीने आणि रसाने भरलेले असले की मोबाइल उचलता येत नाही, हे तिने आधीच हेरले असणार. परवा तिने सांगितले की बाबांना रुग्णालयात न्यायच्या आदल्या रात्री ते तिला एवढेच म्हणाले, की गिझरचे बटण बंद करायला विसरू नकोस. साडेचार वर्षांत मी हे ऐकलेच नव्हते.

सातचा नियम मात्र या साडेसातवर आपोआप टेकू लागला आहे. दोन बैठकांना ‘घरी काम आहे’ म्हणून नाही कळवले, आणि काही बिघडले नाही. बढतीविषयी ७२० तासांचा हिशेब वरिष्ठांपुढे जसाच्या तसा ठेवला आणि तीन दिवस कार्यालयात, दोन दिवस घरून, असे मागितले आहे. ते नाही म्हणाले तर मी काय करेन, हे मला आज खरोखर सांगता येत नाही. कर्ज आहे आणि वाईहून परत यांची न्हाणीघराची गोष्ट डोळ्यांपुढे आहे.

मोडीवाचक, आपले खरे आहे. तबला खालच्या काकांच्या नातवाला देऊन टाकला. इस्त्रीच्या कपड्यांसाठी आता वेगळी जागा शोधावी लागेल.

---

खानावळवाली, नवी पेठ

आईंना माझा नमस्कार सांगा. मेथी निवडताना कोवळी देठे टाकून देऊ नका, पुरुषमाणसे हमखास टाकतात.

---

निवृत्त शाखाधिकारी

शनिवारी जाताना वडिलांच्या मृत्यूचा दाखला मूळ प्रतीसह, अलीकडचा सातबारा आणि आठ-अ, आणि सगळ्या वारसांची आधार कार्डे बरोबर असू द्यात. एक गोष्ट आवर्जून पाहा : वारसांच्या यादीत आईंचे नाव पहिले लिहा. दोन भाऊ आपापल्या हिश्श्याविषयी बोलत राहतात आणि आईचे नाव घालायचे राहून जाते, असे अर्ज मी स्वतः पाहिलेले आहेत.